पेशंट मीच

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे तोंडावर ‘ताई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘मिलीमीटर’. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून साचे तयार व्हायचे. त्या साच्यांवर गुलाबी मेण चढवून, एकेक दात बसवत कवळी उभी करायची, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती तेच करत होती. एखादा दात अर्धा मिलीमीटर पुढे आला तरी मेण गरम करून तो उपटायची आणि पुन्हा बसवायची. शेजारच्या टेबलावरची माणसं हसायची. “अहो, त्यानं भाकरतुकडा चावायचाय, फोटो नाही काढायचा.” ती मान वर न करता म्हणायची, “हसायचं पण असतं ना त्याला.”

ज्यांच्यासाठी ती दात बनवायची त्यांना तिने कधी पाहिलेलं नसायचं. जबडा यायचा आणि सोबत एक चिठ्ठी. वय एवढं, पुरुष की बाई, दातांचा रंग असा. बाकीचं माणूस तिने मनानं उभं करायचं.

घरी ती एकटीच होती. नऊ वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. भांडण-तंटा काही नाही. नवऱ्याला दुसरीकडे संसार मांडायचा होता, त्यानं तो मांडला. मूलबाळ नव्हतं. आई त्याच्या पुढच्याच वर्षी गेली. भाऊ दुसऱ्या गावात, बायको-मुलांत गुंतलेला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खिडकी रस्त्यावर आणि एक समोरच्या भिंतीवर.

एकवीस वर्षं खाली वाकून काम केल्यावर मान बोलणारच. आधी नुसती दुखायची, मग हाताला मुंग्या येऊ लागल्या, मग ऑपरेशन झालं. सुटी देताना डॉक्टरांनी दुखण्यावर कॅप्सूल लिहून दिल्या, दहा दिवसांच्या. मान दुखायची थांबली हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. संध्याकाळी कुलूप उघडून आत आल्यावर घर रिकामं आहे हे जाणवेनासं झालं. कुणी तरी अंगावर ऊबदार चादर टाकावी तसं व्हायचं. ती खुर्चीत बसायची आणि बसून राहायची, आणि त्यात काही वाईट वाटायचं नाही.

दहा दिवसांची तीन वर्षं झाली. रोजच्या दोनाच्या वीस झाल्या.

एवढ्या कॅप्सूल एका दुकानात कोण देणार? तिने चार औषधांची दुकानं धरली, चार दिशांची. चारही ठिकाणी एकच गोष्ट सांगायची : आईचे गुडघे गेलेत, ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवरच दिवस काढायचेत. चिठ्ठी जुनी, घडी घालून घालून विरलेली. दुकानदार ती उघडूनही बघायचे नाहीत. उलट आपुलकीनं विचारायचे, “आई कशा आहेत?” आणि ही सांगायची, “काल जरा बाल्कनीपर्यंत चालल्या.” आई जाऊन आठ वर्षं झाली होती. पण त्या चार दुकानांत ती रोज थोडं थोडं चालत होती, कधी पायऱ्या उतरत होती, कधी पडता पडता वाचत होती. बाहेर आल्यावर तिला स्वतःची शिसारी यायची. मग दोन कॅप्सूल घेतल्या की तीही जायची.

लॅबमध्ये एकवीस वर्षांत तिच्या हातची कवळी क्वचितच परत आली होती. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मात्र परत यायला लागल्या. मालकांनीच तिला हे काम शिकवलं होतं. ते फक्त परत आलेली कवळी तिच्या टेबलावर ठेवायचे आणि आपल्या जागी जाऊन बसायचे.

मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ स्वतःच लॅबमध्ये आले. निवृत्त शिक्षक. पेशंट लॅबमध्ये कधी येत नाहीत, पण हे पत्ता विचारत विचारत आले होते. स्टुलावर बसले, छत्री गुडघ्यांत धरली आणि फार अदबीनं म्हणाले, “बाई, तक्रार नाही. पण मी हसलो की माझी नात रडायला लागते. एकदा बघता का?”

आणि ते हसले. वरचे दात एका बाजूला उतरले होते, भिंतीवर तिरकी टांगलेली तसबीर असावी तसे. पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाखाली यायची ती ओठाच्या एका कोपऱ्याकडे सरकली होती. पहिल्या दिवशी आलेल्या शिकाऊ मुलीलाही ते दिसलं असतं. तिला आठवलं, ही कवळी आपण पूर्ण केली तेव्हा समोर धरून बघितली होती, आणि छान झाली असं वाटलं होतं.

“मी नवीन करून देते,” ती म्हणाली.

“घाई नाही हो,” गृहस्थ म्हणाले. “तोवर मी हसत नाही.”

त्यांनी चेष्टा केली होती. ते गेल्यावर ती प्लास्टरच्या खोलीत जाऊन पोत्यांना टेकून उभी राहिली. त्या दिवशी तिने ठरवलं.

आधी तिने एकटीनंच सोडून बघितलं. शनिवार-रविवार घेतला, कॅप्सूल कपाटाच्या वरच्या फळीवर टाकल्या. शनिवारी दुपारी शिंका सुरू झाल्या, एकामागून एक, चाळीस-पन्नास. नाकाडोळ्यांतून पाणी. मग अंगावर काटा, पोटात मुरडा, आणि पाय! पाय स्वतःचे नसल्यासारखे लाथा झाडत होते. रविवारी सकाळी ती स्टूल घेऊन फळीपर्यंत चढली. पडली असती तर कुणाला कळायला सोमवार उजाडला असता. स्टुलावर उभ्या उभ्याच तिने चार कॅप्सूल पाण्याशिवाय गिळल्या.

सोमवारी तिने फोन करायला घेतले. जेवणाच्या सुटीत, प्लास्टरच्या खोलीचं दार लावून. पहिला फोन एका व्यसनमुक्ती केंद्रात लागला.

“पेशंटचं नाव सांगा.”

तिने सांगितलं.

“हे तुमचं झालं. पेशंटचं सांगा.”

“पेशंट मीच.”

पलीकडचा माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, घरात कुणी पुरुष माणूस आहे का? त्यांच्याकडे द्या ना फोन.”

दुसऱ्या ठिकाणच्या बाई गोड बोलल्या. “आमच्याकडे सगळे पुरुषच असतात. पण बायकांसाठी कार्यक्रम आहे हं, दर मंगळवारी. व्यसनी नवऱ्याशी कसं वागायचं, मुलांना कसं जपायचं. येता का?”

“मला नवरा नाही.”

“अगं बाई, मग कशाला काळजी करता?”

तिसरीकडे फॉर्म भरून घेतला फोनवरच. मधेच तो लिहिणारा थांबला. “इथे ‘पत्नीचे नाव’ असा रकाना आहे. काय लिहू?” चौथ्या ठिकाणी म्हणाले, मनोरुग्णालयात बायकांचा वॉर्ड असतो, तिथे विचारा. तिथे विचारलं तर म्हणाले, तुम्ही एवढं नीट बोलताय, तुम्हाला इथे कशाला घेऊ? पाचव्या ठिकाणी फोन घेणारा हसलाच. “गोळ्या ना? दारू नाही ना? मग ते काय व्यसन!” बाकी ठिकाणी एकच वाक्य, वेगवेगळ्या आवाजांत : बायकांसाठी सोय नाही.

एका ठिकाणी मात्र म्हणाले, घेतो की बायका, या. तिने रजा टाकली आणि दोन बस बदलून गेली. गावाबाहेर मोठी इमारत, कंपाउंड, पुढे झाडं. व्यवस्थापकानं पाणी विचारलं, जागा दाखवली. वर चाळीस पुरुषांचे पलंग. बायकांची खोली खाली, स्वयंपाकघराला लागून. दोन बायका जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. एकीचे हात थरथरत होते. शेंगेतला दाणा पातेल्यात पडायच्या ऐवजी बाहेर पडत होता, ती तो उचलून पुन्हा टाकत होती.

“यांचे उपचार?” तिने विचारलं.

“हेच की,” व्यवस्थापक म्हणाला. “बायकांना कामात ठेवलं की मन रमतं. चाळीस माणसांचं दोन वेळचं करतात, वेळ कसा जातो कळत नाही.”

“डॉक्टर?”

“डॉक्टर वर येतात, पेशंटना बघायला.”

त्या थरथरत्या हातांच्या बाईनं तिच्याकडे बघितलं. बसमध्ये परतताना तिच्या मनात येत होतं की आपण त्या बाईला एक शब्दही विचारला नाही. नाव तरी विचारायचं होतं.

त्या आठवड्यात ती चौथ्या दुकानात गेली. ते एक म्हाताऱ्या केमिस्ट बाई चालवायच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिने चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती उघडली. कधी नव्हे ते नीट वाचली.

“आई कधी गेल्या तुमच्या?” त्यांनी विचारलं.

तिने चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला.

“मला वर्षभर कळतंय,” बाई म्हणाल्या. “गुडघेदुखीच्या माणसाला एवढ्या लागत नाहीत. आणि तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कळूनही देत राहिले. दुकान टाकून बसलेय ना. ते माझं चुकलं, मी ते झाकत नाही.”

“मी जागा शोधतेय,” ती म्हणाली. “बायकांना कुणी घेत नाही.”

बाईंनी काउंटरची काच उचलली. खाली कागदांचा गठ्ठा होता. त्यातून एक पत्रक काढलं. “एक डॉक्टरीण वाटत फिरत होती, सगळ्या दुकानांतून. मी ते आतल्या बाजूनं तोंड करून ठेवलं. गिऱ्हाईक तुटेल म्हणून.” त्यांनी पत्रक तिच्या हातात दिलं, आणि जरा थांबून कॅप्सूलचं एक पाकीटही दिलं. “एकदम बंद करू नका. फिट येते. त्यांच्याकडे जाईपर्यंत या पुरवा आणि त्यांना खरा आकडा सांगा. मला नका सांगू, त्यांना सांगा.”

पत्रकातल्या पत्त्यावर, तीन तासांच्या अंतरावर, बंद पडलेल्या एका प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी बारा पलंग होते. फोन उचलणाऱ्या बाईंचा आवाज बसका होता. त्यांना सगळे मावशी म्हणतात, हे तिला पुढे कळलं. आणि त्या स्वतः अकरा वर्षं दारूत बुडालेल्या होत्या हेही.

“पेशंट कोण?”

“मीच.”

“बरं. किती घेता रोजच्या?”

“वीस.” मग ती म्हणाली, “बावीस.”

“कधीपासून?” मावशींनी पुढचा प्रश्न विचारला, जसं काही वय विचारावं. तिला प्लास्टरच्या पोत्यावर बसावं लागलं. तीन वर्षांत कुणाला तरी पहिल्यांदा खरं सांगितलं होतं आणि पलीकडून नुसतं “कधीपासून” आलं होतं.

पलंग अठरा दिवसांनी रिकामा होणार होता. एकच अट होती : सोबत घरचं एक माणूस हवं. सही करायला आणि पुढे दर शनिवारी भेटायला. “सोडून जाणारे पुष्कळ असतात,” मावशी म्हणाल्या. “परत न्यायला येणारं कुणी तरी ठरलेलं असू दे.”

तिने भावाला फोन केला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “हे बघ, गोळ्याच आहेत ना? मनावर घेतलंस तर सुटतील. कुठे नाव नोंदवून घेऊ नकोस. उद्या आमच्या मुलीचं बघायचंय.” आणि मग, “वहिनीला बोलू नकोस हं यातलं.” तिने “बरं” म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती फोनवरची नावं वर-खाली करत होती. लॅब, लॅब, दाताचे डॉक्टर, गॅसवाला, दाताचे डॉक्टर. सही मागावी असं कुणी सापडेना.

शेवटी जिच्या नावावर बोट थांबलं ती तिची नणंद होती. खरं तर नणंद होती एके काळी. ती गाडी चालवायला शिकवायची, स्वतःची छोटी शाळा होती तिची. घटस्फोटानंतर दोन-तीनदा फोन आले होते तिचे. हिनेच उचलले नव्हते.

“वहिनी?” पहिल्याच रिंगला आवाज आला. “जिवंत आहेस होय!”

तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे कुणाला तरी “क्लच सोड, हळू सोड, अगं हळू!” असं सांगणं चालू होतं. मग गाडी बंद पडल्याचा आवाज आला.

“बोल आता. कुठे यायचं सही करायला?”

“पण तू आता माझी कुणी लागत नाहीस. कागदावर.”

“कागद माझ्या भावाचे होते. मी कुठे सही केली होती?” नणंद म्हणाली. आणि मग एकदम खालच्या आवाजात, “एवढं झालं आणि मला कळलं पण नाही. मी फोन करायचे थांबवले, ते चुकलंच माझं.”

नणंदेनं तिला शिकवायच्या गाडीतूनच नेलं, टपावर ‘शिकाऊ’ असा फलक. हायवेवर सगळे हॉर्न वाजवत पुढे जात होते. दाराशी मावशींनी कागद पुढे केला. “तुम्ही यांच्या कोण?”

“नणंद.”

“आणि नवरा?”

“तो नाही. त्याला काढून टाकला, मला ठेवली,” नणंद म्हणाली. मावशींनी मान वर न करता रकान्यात ‘नणंद’ लिहिलं.

पहिले नऊ दिवस वाईट गेले. पत्रकवाल्या डॉक्टरीणबाई औषधं देऊन हळूहळू मात्रा उतरवत होत्या, तरी अंगातलं सगळं पाणी नाकाडोळ्यांतून जातंय असं वाटे. पण त्याहून कठीण दिवस पुढे आले, अंग सावरल्यावर. दुपारी गोल करून बसायचं आणि बोलायचं. तिला बोलता येईना. तिथे एक नर्स होती, इंजेक्शनं चोरणारी. एक आजी होत्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या धान्याच्या डब्यात लपवणाऱ्या. एक कॉलेजातली पोर होती, ती काय काय घेत होती याची तिलाच यादी नव्हती. त्या सगळ्यांची माणसं शनिवारी यायची, नाही तर यायची नाहीत. आणि न येणारी जास्त होती. नवऱ्याला व्यसन लागलं तर बायको डबा घेऊन दाराशी बसते. बायकोला लागलं तर घरातले म्हणतात, ती माहेरी गेलीय. आजींचा मुलगा खाली रस्त्यापर्यंत यायचा, पिशवी वॉचमनकडे देऊन निघून जायचा. आजी खिडकीतून त्याच्या डोक्याकडे बघायच्या.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तिने त्या चार दुकानांतल्या आईची गोष्ट सांगितली. सांगताना आधी नर्स हसली, मग ती स्वतः हसली, आणि मग तिला रडू फुटलं ते अर्धा तास थांबेना. आई गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती. मावशींनी गोल मोडला नाही. सगळ्या बसून राहिल्या.

नणंद दर शनिवारी आली. एक शनिवार चुकला, तेव्हा शिकणाऱ्या कुणी तरी गाडी दुभाजकावर चढवली होती.

नव्वद दिवसांनी ती परत आली. रजा तिने मानेच्या उपचारांसाठी म्हणून घेतली होती; मालकांनी टेबल तसंच ठेवलं होतं. ती त्यांना म्हणाली, “मी मानेसाठी गेले नव्हते. मला गोळ्यांचं—”

“मानेसाठीच गेली होतीस,” मालक म्हणाले. “माझ्यापुरतं तेवढंच.” आणि त्यांनी नवीन साचे तिच्यापुढे ठेवले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, एवढंच. पहिलं काम तिने त्या शिक्षकांचं केलं. डॉक्टरांकडून निरोप आला, छान बसलीय म्हणून.

मान अजून दुखते. व्यायाम आहेत, गरम पाण्याची पिशवी आहे, आणि दर तासाला उठून उभं राहायचं आहे. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर रिकामं असतं, आणि आता ते रिकामं दिसतं. ती चादर आता नाही. पहिले काही महिने ती दारातच चपला न काढता उभी राहायची, आणि मग आत जायची.

मावशींनी बजावलं होतं, बैठकीला जात राहायचं. तिच्या गावात व्यसन सोडलेल्यांच्या बैठका व्हायच्या, पण सगळे पुरुष. ते सभ्य होते. ती आली की खुर्ची द्यायचे आणि आपलं बोलणं सावरून घ्यायचे. ती समोर असताना मनातलं काही कुणी बोलत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तीही बोलत नव्हती. म्हणून तिने तीच खोली गुरुवारी दुपारी मागून घेतली, आणि दारावर कागद लावला : फक्त बायकांसाठी. केमिस्ट बाईंनी तसाच कागद काउंटरच्या काचेखाली लावला, या वेळी बाहेरच्या बाजूनं तोंड करून.

सहा गुरुवार कुणीच आलं नाही. मालकांकडून दोन तास सवलत घेऊन ती यायची, आठ खुर्च्या गोल मांडायची, त्यांतल्या एकीवर बसायची आणि तासाभरानं खुर्च्या परत भिंतीला लावायची. नणंद फोनवर म्हणाली, “आठ कशाला मांडतेस? दोन मांड.” पण दोन मांडल्या की खोली आणखीच मोठी वाटायची.

सातव्या गुरुवारी एक बाई आली. तिशीची असेल, हेल्मेट मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसली. नाव सांगितलं नाही. ताईंनी आपलं सांगितलं, दहा मिनिटांत, प्लास्टरच्या खोलीपासून प्रसूतिगृहापर्यंत. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, ती पींपीं वाजत होती. तास संपल्यावर बाई उठली.

“पुढच्या गुरुवारी असतं का?”

“असतं.”

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आली, आणि बसताना म्हणाली, “मी झोपेच्या गोळ्या घेते. नवऱ्याला माहीत नाही.”

“कधीपासून?” ताईंनी विचारलं.

आता दीड वर्ष झालं. कधी तिघी असतात, कधी चौघी. हेल्मेटवाली मध्यंतरी चार महिने गायब होती. आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परवाच्या गुरुवारी पाऊस होता, कुणी आलं नाही. ताईंनी तासभर वाट बघितली, खिडकी लावली, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि लॅबमध्ये परत जाऊन एका पंचाहत्तर वर्षांच्या बाईंचे खालचे दात बसवायला घेतले.